शुक्रवारचा केर

ऑरिन ट्वाइट माणूस म्हणून लाख आहे, पण शुक्रवारी दुपारी तो मला नको वाटतो. जेवणं उरकली, डबे धुऊन झाले, की त्याच्या खुर्चीची चाकं करकरायला लागतात. उठून चालत येणार नाही. खुर्चीसकट येणार, पायाने जमीन मागे ढकलत, मांडीवर लिंबाच्या वड्यांचा डबा. माझ्या टेबलापाशी थांबणार आणि विचारणार, "बसू का?" अरे बाबा, बसूनच आलायस की. हे मी त्याला पहिल्या हिवाळ्यापासून सांगत आलेय. तो फक्त डबा पुढे करतो.

आम्ही इथे अमेरिकेत, डुलुथच्या बंदरात येणाऱ्या मालवाहू जहाजांसाठी प्रोग्रॅम लिहितो. आता लिहिणं वेगळं आणि लिहिलेलं चालतं करणं वेगळं. कोड मशीनला दिला की ते त्यातून प्रोग्रॅम तयार करतं, त्याला बिल्ड म्हणतात, आणि तयार करताना ढीगभर मधल्यामधल्या फायली करून ठेवतं. चकल्या झाल्यावर ओट्यावर जे पसरलेलं असतं ना, तसं. चकल्या डब्यात गेल्या तरी परात, पीठ, तेलकट कागद तिथेच. आमच्या धंद्यात तो पसारा कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी आवरत नाही. प्रोजेक्ट बंद पडून लोक नोकऱ्या बदलून जातात, आणि त्यांचा हा बिल्डचा केर डिस्कवर तसाच पडून राहतो. मग एके दिवशी ऐन कामात मशीन सांगतं, जागा संपली.

ऑरिनने ह्यासाठी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. नाव ठेवलंय 'केरसुणी'. तो अख्खी डिस्क हुंगून कुठल्या जुन्या प्रोजेक्टच्या पोटात किती केर साठलाय ते मोठ्यापासून लहानापर्यंत दाखवतो. एक कळ दाबली की सगळं साफ करता येईल. पण ऑरिन ती कळ कधीच दाबत नाही. एकेक नाव मोठ्याने वाचणार आणि विचारणार, "हे पुन्हा करता येईल का?"

"येईल."

"कोड जागेवर आहे?"

"आहे रे बाबा."

"मग काढू?"

"काढ."

मी 'काढ' म्हटल्याशिवाय बोट हलणार नाही. पुन्हा करता येतं तो केर, येत नाही तो केर नव्हे, आणि ज्याचं आहे त्याने हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. एवढंच त्याचं शास्त्र. एकदा मी वैतागून म्हटलं, "ऑरिन, सगळ्याला एकदम हो. तू आणि तुझी केरसुणी काय तो गोंधळ घाला." तर म्हणतो, "असं सरसकट हो चालत नाही. नंतर माणसं रडतात." आणि पुढचं नाव वाचायला लागला.

त्याची खरी गंमत बघायची तर रॉक्सानच्या टेबलापाशी. रॉक्सान झुपानचिच ही उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावातली. हसली की खालच्या मजल्यावर कळतं. तिच्या मशीनवर कधी काही पुसलेलं नाही. गाडीतही तसंच, मागच्या सीटवर उन्हाळ्यातल्या चपला आणि हिवाळ्यातले बूट बारा महिने एकत्र नांदतात. ऑरिनच्या प्रश्नांचा तिला भारी कंटाळा, म्हणून तिने एक युक्ती केली. सगळा जुना पसारा उचलून एका फोल्डरमध्ये कोंबला आणि त्याला नाव दिलं 'आजीच्या पाककृती'. नाताळात ती पोटीत्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, करून आणते, ती ह्या आजीचीच. घरगुती गोष्टींना ऑरिन हात लावत नाही हे तिला पक्कं ठाऊक.

केरसुणी दर शुक्रवारी तो फोल्डर सगळ्यात वर दाखवायची. ऑरिन चष्मा वर करून बघायचा.

"आजीच्या पाककृती," तो वाचायचा.

"हो."

"अर्धी डिस्क भरलीय."

"आजी खूप बारकाईने लिहायची."

"बरीच पोटीत्सा करत असणार."

"घर मोठं होतं, ऑरिन."

"काढू?"

"आजीच्या पाककृती? लाज नाही वाटत?"

"बरं तर मग," म्हणून तो खुर्ची ढकलत पुढे. आम्ही सगळे खाली मान घालून हसायचो. वर्षानुवर्षं हेच संभाषण, एका शब्दाचा फरक नाही, आणि तरी शुक्रवारी आम्ही त्याची वाट बघायचो.

ऑरिनच्या घरात बोलायचं काम त्याच्या थोरल्या भावाकडे होतं. लीफ. लोखंडाची माती वाहणाऱ्या जहाजांवर तो स्वयंपाकी होता. लग्न केलं नाही. ऑरिनची बायको गेल्यावर टेकडीवरच्या त्याच्या घरी राहायला आला आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या शेजाऱ्यांची नावं, आजार आणि भांडणं त्याला पाठ. ऑरिन जेवणावर खूष झाला तर "वाईट नाही" म्हणतो, त्यापुढे त्याची मजल जात नाही. लीफ त्याच जेवणावर तासभर बोलायचा. मी दोन गल्ल्या सोडून राहते. लसणाची चटणी घेऊन गेले की दारातूनच त्याचा आवाज यायचा, "विभा, तिखट आणलंस का?" खर्जातला, किंचित घोगरा, जहाजावर वाऱ्याशी भांडून कमावलेला आवाज. इथल्या लोकांना माझं विभावरी नाव झेपत नाही, पण 'विभा'तला भ ह्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडून घोटून घेतला होता.

मग त्याला घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आधी दोघे भाऊ स्वयंपाकघरात दार लावून बसले. ऑरिनने कोणाचं तरी रेकॉर्डिंगचं यंत्र मागून आणलं होतं. लीफला आयुष्यात जे जे लागेल असं वाटलं ते सगळं तो त्यात बोलला. हो. नाही. कॉफी आण. दुखतंय. पत्ते वाट. मासा एवढा होता. देवा, पुन्हा हॉटडिश? (इथे घरोघरी होणारी, सगळं एका भांड्यात घालून भाजलेली खिचडी ती.) ऑरिनला विचारू नका, त्याला काही कळत नाही. आणि माझं, तिखट आणलंस का. ऑरिनने त्यावर टॅबलेटसाठी प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर बटणं, बटण दाबलं की लीफ बोलतो. रॉक्सानकडे तेव्हा तसलाच टॅबलेट होता, म्हणून पहिली आवृत्ती तिने चालवून बघितली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर लीफने सगळी बटणं एकेक दाबून पाहिली आणि त्यातलं एक ऑरिनला काढायला लावलं. कुठलं ते दोघांपैकी कोणी बोललं नाही. आणि आम्ही तरी कशाला विचारतोय.

त्यानंतर लीफ त्या टॅबलेटशिवाय दिसला नाही. गळ्यात दोरी, दोरीला टॅबलेट, वर प्लॅस्टिकची पिशवी. दुकानात, चर्चमध्ये, शुक्रवारच्या मासे-जेवणात, सगळीकडे. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून 'देवा, पुन्हा हॉटडिश?' ऐकू यायचं, आणि पास्टरबाई हसू आवरत आवरतं घ्यायच्या.

गेल्या फेब्रुवारीत तो तळ्यावर मासे धरायला गेला. गोठलेल्या तळ्यात भोक पाडून बसायचं ते. गळाला काहीतरी जड लागलं, लीफ ओणवा झाला, दोरी डोक्यावरून सटकली आणि टॅबलेट पिशवीसकट भोकातून खाली गेला. खाली खोल पाणी आणि चिखल. शेजारच्या लोकांनी आकडे टाकले, लोहचुंबक टाकलं, एक जुनी बादली तेवढी वर आली. लीफ घरी आला आणि मुलांच्या पाटीवर त्याने लिहिलं, 'मासा मोठा होता.'

ऑरिन सोमवारी ऑफिसात आला तो निवांत. नवा टॅबलेट वाटेतच घेतला होता. "कोड आहे माझ्याकडे," म्हणाला. "पुन्हा करता येईल."

कॉफीच्या वेळेला प्रोग्रॅम तयार झाला. मी आणि रॉक्सान त्याच्या खांद्यावरून बघत होतो. पडद्यावर बटणं आली, सगळी जिथल्या तिथे. ऑरिनने 'कॉफी आण' दाबलं.

काही नाही.

त्याने आवाज वाढवला. 'हो' दाबलं, 'नाही' दाबलं. मी हात पुढे करून माझं बटण दाबलं. बटण दाबल्याचा रंग बदलत होता, पण बोलत कोणीच नव्हतं. ऑरिन कोडकडे वळला आणि वरपासून खालपर्यंत वाचायला लागला. वाचता वाचता एका ओळीवर थांबला. त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

झालं होतं असं. रेकॉर्डिंगमधल्या मोकळ्या जागा कापून एकेक वाक्य सुटं करायला त्याने तेव्हा एक जोडप्रोग्रॅम लिहिला होता. घाई होती, ऑपरेशन तोंडावर आलं होतं. त्या जोडप्रोग्रॅमने कापलेले आवाज नेऊन ठेवले ते बिल्डच्या फोल्डरात. जिथे केर जमतो, तिथेच. कोड जपून ठेवणारी आमची व्यवस्था त्या फोल्डराकडे ढुंकून बघत नाही, कारण त्यातलं सगळं पुन्हा करता येतं असंच धरलेलं असतं. आमच्या धंद्यातल्या माणसाखेरीज ही चूक दुसरं कोणी करायचं नाही. मूळ रेकॉर्डिंगचं यंत्र पुसून परत गेलेलं. मग कुठल्यातरी शुक्रवारी ऑरिनने स्वतःच्या मशीनवर केरसुणी फिरवली, स्वतःला विचारलं, पुन्हा करता येईल का, आणि स्वतःच हो म्हणाला. टॅबलेटवर आवाज होता, त्यामुळे कोणाला काही कळलंच नाही.

"मी लीफचा आवाज पुसला," ऑरिन म्हणाला.

"अरे, मुद्दाम पुसलास का तू?" रॉक्सान म्हणाली.

"मी विचारलं होतं मला. नीट विचारलं नाही."

मी त्याला कॉफी आणून दिली, ती तशीच गार झाली.

त्याने मग मशीनचा आवाज लावून पाहिला, टॅबलेटमध्ये तयार असतो तो. गुळगुळीत, बातम्या देणारा. मी त्या संध्याकाळी चटणी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. लीफने एक बटण दाबलं, आणि कोणी परका तरुण माझ्याकडे तिखटाची चौकशी करता झाला. लीफने टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला, पाटी ओढली आणि लिहिलं, 'हा माणूस कोण? ह्याला घरी पाठवा.' मी हसले. ऑरिन हसला नाही. लीफने ते बघितलं, पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'असू दे. तसंही मी फार बोलतो.' मला तिथे बसवेना. येताना वाटेत मी चक्क रडले, आणि इथल्या थंडीत रडणं परवडत नाही, गाल चरचरतात.

त्या शुक्रवारी जेवणं उरकली, डबे धुऊन झाले, पण चाकं करकरली नाहीत. ऑरिन कोपऱ्यातल्या त्याच्या टेबलाशी आमच्याकडे पाठ करून बसला होता. लिंबाच्या वड्यांचा डबाही नव्हता. ऑफिस इतकं शांत की खिडकीखालच्या हीटरची घरघर ऐकू येत होती. दर शुक्रवारी कटकट म्हणून बोटं मोडणारी मी, मलाच चुकल्यासारखं झालं.

रॉक्सान माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन टेकली. "मला हे सहन होत नाही," ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे तिच्या मानाने हळू. "जा, त्याला सांग माझी डिस्क भरलीय."

"तुझी डिस्क भरलेलीच असते. तूच सांग."

"आता आजीच्या पाककृती कोण विचारणार मला?" असं म्हणून तिने कप तोंडाला लावला, आणि तो तसाच धरून ठेवला. "विभा."

"काय?"

"माझा तो जुना टॅबलेट. मी चालवून बघितला होता तो प्रोग्रॅम. ऑरिनने मला कोड नव्हता दिला, आवाजासकट तयार केलेली फाइल दिली होती."

"मग?"

"मग मी कधी काही पुसते का?"

आम्ही दोघी तिच्या मशीनकडे धावलो. त्या पाककृतींच्या पोटात काय नव्हतं सांगा. बुडालेल्या कंपन्यांचे प्रोग्रॅम, मोडीत निघालेल्या जहाजांचे हिशोब, एकाच प्रोजेक्टच्या 'नवीन', 'नवीन खरं' आणि 'हेच शेवटचं' अशा नावांच्या नकला. पाककृती एकही नव्हती. मी नावं वाचत होते, रॉक्सान खाली खाली जात होती आणि स्वतःला शिव्या घालत होती. एका नकलेच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, आणि तिथे एक फोल्डर, 'लीफ, ऑरिनचा भाऊ'. आत एकच फाइल.

रॉक्सानने ती चालवली. तिच्या स्पीकरचा आवाज नेहमी पूर्ण मोठा असतो, तो कमी करायचं भान दोघींनाही राहिलं नाही. पडद्यावर बटणं आली. तिने जे हाताला लागलं ते दाबलं.

"देवा, पुन्हा हॉटडिश?"

अख्ख्या ऑफिसात लीफचा आवाज घुमला. कोपऱ्यातली पाठ ताठ झाली. मग चाकं करकरली. ऑरिन इतक्या जोरात खुर्ची ढकलत आला की कचऱ्याची टोपली लाथाडली गेली. येऊन थांबला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिला.

"पुन्हा दाब," म्हणाला.

मी माझं बटण दाबलं. विभा, तिखट आणलंस का. तो भ ऐकला आणि माझे डोळे भरले, ते मी पुसलेही नाहीत.

ऑरिनने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "वाईट नाही," म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

रॉक्सान लालबुंद झाली होती. "ऑरिन, ह्या पाककृती नाहीत."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या शुक्रवारपासून. अर्धी डिस्क भरून पोटीत्सा कोण लिहितं?"

"मग गप्प का बसलास इतकी वर्षं?"

"तू नाही म्हणालीस ना," ऑरिन म्हणाला. "तुझं आहे. तू नाही म्हटल्यावर मी कसा काढणार?"

रॉक्सानने त्याला खुर्चीसकट मिठी मारली. इकडची माणसं अंगाला हात लावून घेत नाहीत, ऑरिन तर नाहीच नाही. त्या दिवशी त्याने लावून घेतला.

तयार फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं. ऑरिनने ते तिथेच उलगडलं, आतले सगळे आवाज बाहेर काढले, आणि ह्या खेपेला पहिलं काम काय केलं तर त्यांच्या नकला केल्या. एक रॉक्सानकडे, एक माझ्याकडे, एक पास्टरबाईंकडे. प्रोग्रॅम नव्याने लिहायला त्याला धीर नव्हता. जितके आवाज सापडतील तितकी बटणं आपोआप कर, आताच्या कोडमध्ये नाव असेल तर ते लाव, नसेल तर आकडा, एवढंच त्याने मशीनला सांगितलं. कुठकुठली बटणं झाली हे बघतही बसला नाही.

शनिवारी सकाळी मी आणि रॉक्सान त्यांच्या स्वयंपाकघरात. लीफ टेबलाशी बसला होता, पाटी पुढ्यात. ऑरिनने टॅबलेट त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतः ओट्याला टेकून उभा राहिला, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा. लीफने आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. एक बटण दाबलं.

"कॉफी आण."

त्याचे खांदे हलायला लागले. लीफ हसतो तेव्हा आता आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. "ऑरिनला विचारू नका, त्याला काही कळत नाही," टॅबलेट म्हणाला. "मासा एवढा होता. मासा एवढा होता." रॉक्सान टेबलावर थापा मारत हसत होती. लीफ पडदा वर सरकवत गेला. सगळ्यात शेवटी एक बटण होतं, एकटं. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. त्याने भुवया उंचावल्या आणि ते दाबलं.

"तू होतास म्हणून निभावलं रे, ऑरिन."

ऑपरेशनच्या आधीचा, आधीच घाबरलेला, पण लीफचाच आवाज. रॉक्सानकडची ती पहिली आवृत्ती. काढायला लावलेलं बटण तिच्यात अजून होतं.

ऑरिन ओट्याकडे वळला आणि कॉफीचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. "ते राहून गेलं वाटतं," तो पाठमोराच म्हणाला. "तेव्हा तू पाटीवर लिहिलं होतंस, चुकून दाबलं गेलं तर पंचाईत व्हायची."

लीफने पाटी बाजूला सारली.

ऑरिन वळला, खुर्ची ओढून भावासमोर बसला. चष्मा वर केला, त्या बटणाकडे बघितलं, आणि दर शुक्रवारी विचारतो तसंच, त्याच स्वरात विचारलं, "काढू?"

लीफने बोटाने पडदा पुन्हा खाली ओढला, पहिल्या ओळीपाशी आला आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, "नाही."